दोन शिक्षक, पाच वर्ग : पूर्व नागपुरातल्या एका सरकारी शाळेचा सव्वादोन वर्षांचा अनुभव

पूर्व नागपुरात, कळमन्याच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत असलेल्या आमच्या वस्तीतल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत माझी मुलगी जून 2023 पासून शिकते आहे. पहिली आणि दुसरी तिने तिथेच पूर्ण केली आणि आता, सप्टेंबर 2025 मध्ये, ती तिसरीत आहे. हॉटेल, दवाखाना, मोबाइल यांविषयी लोक आपला अनुभव लिहून ठेवतात आणि पुढचा माणूस तो वाचून निर्णय घेतो. सरकारी शाळेविषयी मात्र, जिथे निर्णय चुकला तर मुलाची वर्षे जातात, एका पालकाने दुसऱ्या पालकासाठी लिहिलेले काही मला तेव्हा शोधूनही सापडले नव्हते. ती उणीव माझ्यापुरती भरून काढण्यासाठी हे लिहीत आहे. शाळेचे नाव मी देत नाही, कारण ज्या उणिवा सांगणार आहे त्यांतल्या बहुतेक शाळेने निर्माण केलेल्या नाहीत, आणि नाव दिल्याने कोणाला त्रास झालाच तर तो ही शाळा चालवणाऱ्या दोन शिक्षकांनाच होईल.

माझे मत सुरुवातीलाच सांगते. या शाळेत शिक्षक वर्गात असतात तेव्हा शिकवणे उत्तम होते. आम्ही आधी जिथे पैसे भरत होतो तिथल्यापेक्षा ते निश्चितच चांगले आहे. अडचण अशी आहे की शिक्षक वर्गात असण्याचा वेळ फार कमी उरतो, आणि तो कमी होण्याची कारणे शाळेच्या फाटकाबाहेर आहेत.

मुलगी आधी घराजवळच्या एका खाजगी इंग्रजी शाळेच्या केजीत जात होती. शेवटच्या वर्षी तिथली फी 34,000 रुपये होती आणि ऑटोचे महिन्याला 1,100 रुपये वेगळे द्यावे लागत. दोन वर्षांनी तिला इंग्रजी कविता पाठ होत्या, अक्षरही सुबक होते. पण पुस्तकातल्या चित्रात काय चालले आहे असे विचारले की ती इंग्रजीत गप्प बसे आणि मराठीत सांगू लागली की थांबत नसे. ज्या भाषेत ती विचार करते त्या भाषेत तिने आधी वाचायला शिकावे आणि मग इंग्रजीचा पाया पक्का करावा, असे आम्ही दोघांनी ठरवले. पैसे वाचणार होते, हेही खरे. सासूबाईंना हे पटले नाही. ‘सरकारी शाळेत कोणाची पोरं जातात ते ठाऊक आहे ना,’ असे त्यांनी विचारले. हमाली करणाऱ्यांची, मिरच्यांचे देठ खुडायला जाणाऱ्या बायांची, बालाघाट आणि छत्तीसगडहून बांधकामावर आलेल्या मजुरांची मुले या शाळेत जातात, हे मला ठाऊक होते. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शेजारच्या सर्व घरांतली मुले एकाच शाळेत जावीत अशी शिफारस केली होती. आमच्या गल्लीत ती शिफारस कधी पोहोचलीच नाही; पक्की नोकरी असलेले घर त्या शाळेला वळसा घालून जाते आणि त्या घरांबरोबरच कार्यालयात अर्ज नेऊ शकणारे, बैठकीत प्रश्न विचारू शकणारे पालकही शाळेपासून दूर जातात. मागे राहिलेल्या पालकांना मुलांची काळजी कमी असते असे मुळीच नाही, पण दुपारच्या बैठकीला यायचे तर त्यांची दिवसाची मजुरी बुडते.

प्रवेशाला अर्धा तास लागला. जन्मदाखला, आधार कार्ड आणि दोन छायाचित्रे एवढेच मागितले गेले. आमच्यानंतर रांगेत उभ्या असलेल्या बाईंकडे जन्मदाखला नव्हता, तरी त्यांच्या मुलाचे नाव त्याच दिवशी पटावर चढले. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही असे 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो आणि या शाळेत तो पाळला जातो. फी नाही. बालभारतीची पुस्तके पहिल्या दिवशी हातात पडली. गणवेशाचा अनुभव मात्र वर्षागणिक बदलत गेला. पहिल्या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीने (हिच्यात बहुतेक सदस्य पालकच असतात) जवळच्या शिंप्याकडून तो शिवून घेतला आणि मुलीला नीट बसला. 2024-25 मध्ये राज्यभर एकच गणवेश देण्याची योजना आली, तेव्हा तो उशिरा मिळाला आणि खांद्यात इतका सैल होता की घरी उसवून पुन्हा शिवावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शासनाने ही जबाबदारी पुन्हा समित्यांकडे दिली, ते योग्य झाले.

इमारतीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. चार पक्क्या खोल्या, कुंपणाची भिंत, एक जुना कडुनिंब आणि मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आहेत. पावसात एका खोलीच्या कोपऱ्यात पाणी गळते, तेव्हा बाके दुसरीकडे सरकवतात. शिपाई नसल्यामुळे स्वच्छतागृहे कधी स्वच्छ असतात, कधी नसतात. मुली घरी येईपर्यंत थांबून राहतात हे मला दुसऱ्या पालकांकडून कळले, आणि या एका बाबतीत शाळेला मी नापास करीन. भिंतीवरचा मोठा टीव्ही चालू स्थितीत आहे.

उन्हाळ्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण नागपूरबाहेर बसून वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या ते लक्षात येत नाही. इथे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि मार्चच्या अखेरीसच दुपारी पत्र्याच्या पडवीत उभे राहवत नाही. म्हणून विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात आणि उन्हाळ्यात सकाळच्या भरतात. तरीही 2025 मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने 25 एप्रिलपर्यंत लांबवण्यात आल्या. मुलगी दुसरीत होती. अकराच्या सुमारास ती घरी यायची तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झालेला असे आणि आम्ही तिला आधी कांद्याचा रस लावत असू, मग पन्हे देत असू. ज्या मुलांचे घर म्हणजे टिनाची खोली आहे त्यांनी त्या दिवसांत घरी काय अभ्यास केला असेल, याचा विचार वेळापत्रकात कुठेही दिसला नाही. परीक्षा संपल्यावर निकालासाठी उरलेले दिवसही हातावर मोजण्याइतके होते, आणि प्रत्येक मुलाच्या उत्तरपत्रिका दोनच माणसांना तपासायच्या होत्या.

जेवण हा या शाळेचा असा भाग आहे, ज्याचे महत्त्व मला आधी कळले नव्हते. प्राथमिक वर्गातल्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम धान्य आणि त्यातून 450 कॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने मिळावीत असे पोषण आहार योजनेचे प्रमाण आहे. आमच्याकडे अन्न बाहेर शिजवून डब्यांतून येते. मसालेभात, मटकीची उसळ, मुगाची खिचडी, सोयाबीन पुलाव असा आलटून पालटून बेत असतो. चव साधी असते, मीठ कधी कमी पडते, पण अन्न शिळे आल्याचा अनुभव मला दोन वर्षांत एकदाही आला नाही आणि समितीची सदस्य म्हणून मी ते अनेकदा चाखून पाहिले आहे. नोव्हेंबर 2023 पासून आठवड्यातून एक दिवस उकडलेले अंडे मिळू लागले होते. जे अंडे खात नाहीत त्यांना केळे मिळत असे. त्या दिवशी पटावरची जवळजवळ सगळी मुले हजर असत, असे मुलीच्या वर्गाच्या मॅडम सांगतात. जानेवारी 2025 मध्ये राज्य शासनाने अंड्यांचा खर्च देणे थांबवले. माझ्या मुलीला घरी अंडे मिळते, त्यामुळे तिला फरक पडला नाही. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीला पडला; पुढचे कित्येक आठवडे अंड्याचा दिवस आला की ती ‘आज अंडं नाही का’ असे विचारत होती. शिक्षणसुधारणेच्या चर्चेत हा खर्च किरकोळ समजला जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता शिकवण्याविषयी. पहिलीच्या वर्षी, म्हणजे 2023-24 मध्ये, शाळेत तीन शिक्षक होते आणि पहिली-दुसरी मिळून एका मॅडमकडे होती. त्यांची पद्धत मी खिडकीतून आणि नंतर त्यांच्या परवानगीने मागच्या बाकावर बसून पाहिली आहे. मुळाक्षरे क्रमाने घोकून घेण्याऐवजी त्या चार-पाच अक्षरे आणि एक-दोन मात्रा एवढ्याच साहित्यातून शब्द करायला लावत. कमळ, मका, काका, नाक असे शब्द मुलेच जमवत आणि दुसऱ्याच आठवड्यापासून ती ‘वाचत’ असत. गणितात त्या काड्यांचे गठ्ठे वापरतात. दहा काड्यांचा गठ्ठा रबराने बांधायचा आणि सुट्या काड्या बाजूला ठेवायच्या. सत्तावन्न म्हणजे पाच गठ्ठे आणि सात सुट्या हे मुलांच्या हातांना आधी कळते. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ सोबत ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले तेव्हा त्यावर बरीच टीका झाली होती. या वर्गात मी दोन्ही वाचने शेजारी शेजारी ऐकली आणि ज्या मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही त्यांना दुसऱ्या वाचनाचा किती आधार होतो हे डोळ्यांनी पाहिले. छत्तीसगडहून आलेला एक मुलगा सुरुवातीला बरेच दिवस काहीच बोलत नव्हता. मॅडम त्याच्याशी हिंदीत बोलत, वस्तूचे त्याच्या भाषेतले नाव विचारत, ते वर्गाला सांगत आणि मग मराठी शब्द फळ्यावर लिहीत. तान्ह्या पोळ्याला सगळी मुले लाकडी बैल सजवून घेऊन आली तेव्हा त्याच्याकडे बैल नव्हता. त्याने ओल्या मातीचा केला आणि वर्गासमोर उभे राहून, अडखळत का होईना, त्याविषयी मराठीत चार वाक्ये सांगितली. माझ्या मुलीने पहिलीच्या दिवाळीत पुडीच्या कागदावरची बातमी वाचून दाखवली होती. इतके लक्ष आम्ही पैसे देऊनही विकत घेऊ शकलो नव्हतो.

मे 2024 मध्ये तीनपैकी एक शिक्षक निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आले नाही. तेव्हापासून शाळेत दोन शिक्षक आणि पाच वर्ग आहेत. पहिली, दुसरी आणि तिसरी मिळून 38 मुले मॅडमकडे, चौथी आणि पाचवी मिळून 26 मुले सरांकडे, आणि सरांकडेच मुख्याध्यापकपदाचा प्रभार. हे नियमबाह्य आहे असे मला वाटत होते. शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची वाचल्यावर कळले की प्रश्न त्याहून अवघड आहे.

‘30 मुलांमागे एक शिक्षक’ हे वाक्य सर्वांना पाठ आहे. प्रत्यक्षात अनुसूची अशी आहे की पहिली ते पाचवी मिळून 60 पर्यंत मुले असतील तर दोन शिक्षक, 61 ते 90 असतील तर तीन, 91 ते 120 असतील तर चार, 200 पर्यंत पाच. आणि 150 हून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. म्हणजे मुले मोजली जातात, वर्ग मोजले जात नाहीत. आमच्या 64 मुलांपैकी मोजणीत 58 च धरली गेली होती (ते कसे, हे शेवटी सांगते). ज्या शाळेत 58 मुले आहेत तिथे सरासरी 29 पडते आणि कागदावर सर्व ठीक दिसते. पण ती 58 मुले पाच वेगवेगळ्या इयत्तांत बसलेली असतात, त्यांची पुस्तके पाच प्रकारची असतात आणि त्यांतली सर्वांत लहान मुले अजून पेन्सिल धरायला शिकत असतात. तीन इयत्ता एका खोलीत असल्या की मॅडम पहिलीला अक्षरे देतात तेव्हा तिसरी ‘उतारा लिहून काढा’ या कामावर असते. माझी मुलगी दुसरीत असताना तिच्या वह्यांत अशी लिहून काढलेली पानेच्या पाने आहेत. अक्षर सुंदर झाले आहे, पण त्या पानांवर तिच्याशी कोणी काही बोललेले नाही. पहिलीत काड्यांचे गठ्ठे तिने स्वतः बांधले होते. हातच्याची वजाबाकी मात्र तिला घरी शिकवावी लागली, कारण ती समजावून द्यायला वर्गात सलग वीस मिनिटे मिळाली नाहीत. आम्ही शिकवू शकलो. तिच्या बाकावरच्या दुसऱ्या मुलीची आई रात्री आठला बाजारातून परत येते.

याच नियमातून एक चक्र सुरू होते. मुले कमी झाली की शिक्षक कमी होतो, शिक्षक कमी झाला की वर्ग एकत्र बसतात, वर्ग एकत्र बसलेले पाहून ज्या पालकाला जमते तो मूल काढून नेतो, आणि पुढच्या मोजणीत मुले आणखी कमी भरतात. आमच्या गल्लीतून तिसरा शिक्षक निवृत्त झाल्यावर दोन मुले गेली. दोघांच्या आयांनी मला एकच कारण सांगितले. सरकारी शाळा ओस पडत आहेत कारण लोकांना इंग्रजीचा सोस आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा क्रमही पाहावा. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे, निकष आणखी कडक केले आणि राज्यभरातल्या शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला, तो मला रास्त वाटतो. कमी पटाच्या शाळा एकत्र करून मोठी शाळा करावी हा उपाय सुचवला जातो. आमच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की सहा वर्षांच्या मुलाने मालट्रकांचा रस्ता ओलांडून जायचे. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी हे राज्याच्याच नियमांत आहे, आणि ते लहान मुलांच्या पायांचा विचार करून ठरवलेले अंतर आहे.

उरलेल्या दोन शिक्षकांचा वेळ तरी मुलांना मिळतो का? पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन व्हावे असे कायदा सांगतो. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी तीन कामे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये असे त्याच कायद्याचे 27 वे कलम आहे, आणि निवडणुकीचे कामही शिक्षकांकडून सुटीच्या दिवशी किंवा अध्यापनाच्या वेळेबाहेर घ्यावे असा सर्वोच्च न्यायालयाचा 2007 चा निकाल आहे. आता आमच्या शाळेचे 2024 हे वर्ष पाहा. जानेवारीच्या अखेरीस राज्य मागासवर्ग आयोगाचे घरोघरचे सर्वेक्षण सुरू झाले आणि एक शिक्षक मोबाइल घेऊन वस्त्यांत गेले. 19 एप्रिलला नागपुरात लोकसभेचे मतदान होते. त्याआधी प्रशिक्षण, मतदार यादीची कामे. 20 नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान, पुन्हा तेच सर्व. यातली कामे देशासाठी महत्त्वाची आहेत आणि कोणीतरी ती करायला हवीत. पण ज्या दिवशी दोनपैकी एक शिक्षक जातो त्या दिवशी दुसऱ्यासमोर 64 मुले असतात. त्या दिवशी शाळा भरलेली असते, हजेरी लागते, जेवण होते, आणि कागदावर तो दिवस 200 पैकी एक म्हणून मोजलाही जातो.

जे शाळेतच असतात त्यांच्यावर माहिती भरण्याचा भार असतो. किती मुले जेवली याची नोंद रोजच्या रोज पाठवायची, मुलांची माहिती एका पोर्टलवर, शाळेची दुसऱ्यावर, पगाराची तिसऱ्यावर, हजेरी चॅटबॉटवर, प्रत्येक उपक्रमाचे छायाचित्र गटावर. मी हिशेबाच्या कामात आहे. नोंदींचे महत्त्व मला चांगले समजते. पण आमच्या लहानशा दुकानातसुद्धा गल्ला सांभाळणारा आणि वही लिहिणारा माणूस वेगळा असतो. सर चौथीला अपूर्णांक शिकवत असताना ‘दुपारी बारापूर्वी माहिती सादर करावी’ असा निरोप येतो, तेव्हा ते खडू खाली ठेवतात. त्यांना दोष देता येत नाही, कारण माहिती गेली नाही तर त्याच दिवशी विचारणा होते आणि अपूर्णांक राहिला तर कोणीच विचारत नाही.

नवे शिक्षक येण्याचा मार्गही लांबच आहे. राज्य शासनाच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून होणाऱ्या शिक्षक भरतीसाठी लागणारी अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 मध्ये झाली आणि त्यानंतरची थेट 2023 मध्ये; दरम्यान पहिलीत आलेली मुले प्राथमिक शाळेतून बाहेरसुद्धा पडली. याच महिन्याच्या 1 तारखेला, सप्टेंबर 2025 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा उरली आहे अशा कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. शिक्षक पात्र असावा याविषयी दुमत नाही. पण ज्या मॅडमचे शिकवणे मी वर वर्णन केले त्या आता जुनी पुस्तके काढून परीक्षेच्या तयारीला लागल्या आहेत, आणि तो वेळ कुठून येणार याची मला चिंता वाटते. 1882 मध्ये हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याबरोबरच प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना चांगला पगार मिळावा अशी मागणी केली होती. प्रशिक्षण आणि पगार या दोन्ही गोष्टी आज बऱ्याच अंशी आहेत. त्या प्रशिक्षित, पगारी माणसाला फळ्यापाशी राहू द्यायचे तेवढे उरले आहे.

म्हणून सुधारणा म्हणजे काय असे मला विचारले तर मी आधी दोन गोष्टी मागेन. पहिली, शिक्षकांची पदे ठरवताना मुलांबरोबर इयत्ताही मोजा. पट कितीही असला तरी पहिली आणि दुसरी यांच्यासाठी एक शिक्षक पूर्णपणे राखून ठेवा, कारण वाचन तिथे बसले नाही तर पुढची प्रत्येक इयत्ता त्या उणिवेवर उभी राहते. प्रत्येक मुलाला तिसरीपर्यंत वाचता आणि हिशेब करता यावा असे उद्दिष्ट केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये निपुण भारत अभियानात 2026-27 सालासाठी ठेवले आहे. मुलांना वाचन आणि गणित किती येते हे तपासणाऱ्या, ग्रामीण भागापुरत्या असलेल्या ‘असर’च्या 2024 च्या पाहणीत देशातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला होता. हे प्रमाण 2022 मध्ये 16.3 टक्के होते, म्हणजे कामाला दिशा मिळाली की फरक पडतो. पण उरलेले अंतर तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाकडून भरून निघणार नाही. दुसरी मागणी, प्रत्येक केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, शाळांना मिळून एक लिपिक द्या, जो आठवड्यातून ठरलेल्या दिवशी प्रत्येक शाळेत येऊन सर्व पोर्टलांवरची माहिती भरेल. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे ॲप तर नकोच.

ही शाळा कोणाला योग्य आहे, असे वस्तीतले पालक मला विचारतात. मूल पहिलीत असेल आणि घरी संध्याकाळी अर्धा तास त्याच्याजवळ बसणारे कोणी असेल, तर मी निःसंकोच हीच शाळा सुचवते. मूल चौथीत किंवा पाचवीत असेल आणि अजून नीट वाचत नसेल, तर आधी सरांना भेटा आणि ते कोणत्या दिवशी शाळेत असतात ते विचारून घ्या. इंग्रजी माध्यमच हवे असेल तर शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत ठेवलेल्या 25 टक्के राखीव जागांचा अर्ज जरूर करा. आर्थिक दुर्बल गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी शाळांना राज्याने या जागांतून सूट दिली होती, ती जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली, आणि त्या गोंधळात आमच्या शेजारची दोन मुले ऑगस्टपर्यंत घरी बसून होती. महानगरपालिकेने आकांक्षा फाउंडेशनच्या साथीने चालवलेल्या इंग्रजी शाळाही शहरात आहेत. जवळ असेल तर ती पाहून या.

आम्ही मुलीला याच शाळेत ठेवले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. मी गेल्या वर्षीपासून त्या समितीत आहे आणि सध्या आमचे एकच काम चालू आहे. शाळेत प्रत्यक्षात 64 मुले बसतात. गेल्या काही वर्षांपासून संचमान्यतेत आधारची पडताळणी झालेलीच मुले धरली जातात आणि आमची अशी मुले 58 होती. उरलेल्या सहांपैकी कोणाचे नाव कार्डावर वेगळे छापलेले आहे, कोणाची जन्मतारीख जुळत नाही, एकाचे कार्डच गावी राहिले आहे. गेल्या तीन शनिवारी मी त्यांच्या आयांबरोबर आधार केंद्रावर जाऊन बसले, एकीची त्या दिवसाची मजुरी समितीतल्या दुसऱ्या पालकांनी वर्गणी काढून दिली, आणि आतापर्यंत चौघांची दुरुस्ती झाली आहे. आता संख्या 62 झाली. कायद्याच्या अनुसूचीचा आधार घेऊन तिसऱ्या शिक्षकासाठीचा अर्ज आम्ही लिहून ठेवला आहे, त्यावर 41 पालकांच्या सह्या आणि अंगठे आहेत. पटाची मोजणी 30 सप्टेंबरला आहे. पाचव्या मुलाची आई येत्या शनिवारी सकाळी नऊ वाजता केंद्रावर भेटणार आहे, आणि सहाव्याचे कार्ड बालाघाटहून त्याचे मामा घेऊन येत आहेत.